मरिया-योसेफ आमच्याकडे अडकले तेव्हा

आगमनकाळ म्हणजे शांतपणे वाट पाहायचा काळ, असं आमचे आधीचे फादर दर वर्षी सांगायचे. नाताळच्या आधीचे चार रविवार, वेदीवर जांभळं कापड, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त. चौकसारख्या समुद्रकाठच्या ख्रिस्ती गावात वाढलेल्या मुलाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण मी भाईंदरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो, त्या वर्षीच्या आगमनकाळात मला शांतता म्हणून मिळाली नाही. त्याला कारण होती प्लास्टरची, हातभर उंचीची एक मूर्ती. मी हे चिडून लिहितोय असं वाटलं तर ते खरंच आहे. इतकी वर्षं झाली तरी सांगायला लागलो की मी चिडतोच.

झालं असं, की त्या वर्षी आमच्या पॅरिशमध्ये वसईकडचे एक तरुण फादर बदलून आले होते. मोटरसायकलवरून फिरायचे, सगळ्यांना नावाने हाक मारायचे आणि त्यांना सतत काहीतरी नवीन सुचायचं. त्यांनी प्रत्येक आळीला एक मूर्ती दिली. मरिया गाढवावर बसलेली, पोटुशी, आणि शेजारी योसेफ कंदील घेऊन चालतोय. ही मूर्ती रोज संध्याकाळी एका घरी न्यायची. ती रात्र तिथे ठेवायची, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची आणि दुसऱ्या संध्याकाळी त्या घरच्या कर्त्या माणसाने ती स्वतःच्या हाताने पुढच्या घरी पोचवायची. फिरत फिरत नाताळच्या आदल्या दिवशी ती चर्चमध्ये परत यायची. त्या वर्षी चर्चमधल्या येशूजन्माच्या देखाव्यात, मोठ्या गोठ्यात आमच्याच आळीची मूर्ती बसणार होती, त्यामुळे आमच्या आळीला जरा तोरा होता.

इथपर्यंत सगळं बरं होतं. पण फादरांनी त्याला एक संवाद जोडला आणि त्याच्या झेरॉक्स घरोघर वाटल्या. मूर्ती आणणाऱ्याने बंद दाराबाहेर उभं राहून म्हणायचं, “आम्ही लांबून आलो आहोत, रात्रीपुरता आसरा द्या.” आतल्याने म्हणायचं, “इथे जागा नाही, पुढे जा.” बाहेरच्याने दुसऱ्यांदा विनवायचं, “हिचे दिवस भरत आलेत.” आतल्याने पुन्हा म्हणायचं, “सांगितलं ना, जागा नाही.” मग तिसऱ्यांदा बाहेरचा म्हणणार, “ही मरिया आहे, हिच्या पोटी देव आहे,” आणि मग दार उघडून आतल्याने म्हणायचं, “या, घर तुमचंच आहे.” बेथलेहेमात मरियेला जागा मिळाली नव्हती, ते लोकांच्या मनात उतरावं म्हणून हे सगळं.

आणि हे सगळं नीट पार पाडायची जबाबदारी माझी. का, तर मी कॉलेजात जातो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेच्या पुढे गेलं नव्हतं, आणि त्यामुळे गावात अशी समजूत झाली होती की मला सगळं येतं. लाइटचं बिल चुकलं तर मी, रेशन कार्डावर नाव चढवायचं तर मी, आणि आता मरिया-योसेफ फिरवायचे तर तेही मीच. नाही म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. फादरांनी पाठीवर हात ठेवला आणि मी हो म्हणालो.

पहिल्याच घरी अडचण आली. तिथल्या म्हाताऱ्या मावशीने पहिला आवाज ऐकताच दार सताड उघडलं आणि “या या या, कधीची वाट बघतंय” म्हणत मूर्ती हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

मी म्हणालो, “मावशी, आधी नाही म्हणायचं.”

“कोनाला?”

“मरियेला.”

“बाबा रे,” मावशी म्हणाली, “माज्या दारात पोटुशी बाय आली आनि मी तिला न्हाय म्हनू? फादरचा डोका फिरला काय?”

दुसऱ्या घरी तर माणूस आतून म्हणाला, “जागा न्हाय, पन च्या घेऊन जावा.” बाहेर सगळे हसले, मीच तेवढा कागद हातात धरून उभा. तिसऱ्या-चौथ्या घरापासून लोकांना सवय झाली आणि मग ते अगदी नाटकात काम करावं तसं खणखणीत नाही म्हणायला लागले. मला वाटलं, लागलं एकदाचं मार्गी.

मग मूर्ती आमच्या घरी आली. आणि आमच्यानंतरचं घर होतं काकांचं.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. आमचं आणि काकांचं घर म्हणजे एकच जुनं घर, मधे एक भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे काका, काकू आणि आजी. बाबा थोरले, काका धाकटे. बोट दोघांची मिळून. त्या पावसाळ्यानंतर बोटी परत पाण्यात गेल्या त्या दिवशी, सगळ्या गावासमोर काका बाबांना म्हणाले होते, “तुजा पोरगा शिकायला गेला न्हाय, दर्याला घाबरून पलाला.” बाबांना ते लागलं. इतकं लागलं की त्या दिवसापासून ते काकांशी बोलेनात, आणि ते बोलत नाहीत म्हणून काकाही बोलेनात. यातली मला सर्वांत वैताग आणणारी गोष्ट ही, की काका म्हणाले त्यात खोटं काहीच नव्हतं. मला बोट लागते. किनारा नजरेआड झाला की मी कठड्यावर ओणवा होतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि मला स्वतःला त्याचं काही वाटत नाही. मी बाबांना तसं सांगूनही पाहिलं. ते म्हणाले, “तू गप. तुला काय कलतंय यातलं.”

म्हणजे भांडण माझ्यावरून आणि त्यातलं मलाच काही कळत नाही.

बरं, बोट मात्र दोघं एकत्रच चालवत होते. समुद्रावर जायचे, जाळी ओढायचे, परत यायचे. फक्त बोलायचे नाहीत. मधे रत्नागिरीकडचा एक खलाशी होता, त्याला सांगायचे. काका म्हणायचे, “त्यांना सांग दोर सोडा,” आणि बाबा दोन हातांवर उभे. खलाशी बिचारा मान वळवून म्हणायचा, “दोर सोडा म्हणतात.” मग बाबा त्याला, “त्याला सांग सोडलाय.” किनाऱ्यावर उतरले की दोघं आपापल्या दारात. एकमेकांचा उंबरा ओलांडायचा नाही.

आणि आजी पलीकडे होती. ती त्याच पावसाळ्यात ओट्यावरून घसरून पडली आणि तेव्हापासून तिला चार पावलं टाकायलाही आधार लागायचा. चर्च टेकाडावर, पायऱ्या चढून जायचं. ज्या आजीने उभ्या आयुष्यात आगमनकाळातली एक मिस्सा चुकवली नव्हती, ती त्या वर्षी खाटेवर पडून घंटा ऐकत होती. मूर्ती घरोघर फिरणार हे कळल्यापासून ती काकूला रोज विचारायची, “आज कोनाकडे हाय?” चर्चला मला जाता येत नाही ना, मग मरिया माझ्याकडे येतेय, एवढी एकच गोष्ट तिने धरून ठेवली होती. तिला ती मूर्ती एक रात्र आपल्या खाटेशेजारी हवी होती. आणि ती थोरल्या लेकाच्या हातून यायला हवी होती. त्या भांडणापासून बाबा तिला भेटायला आत गेले नव्हते. खिडकीतून विचारायचे, “आय, बरी हाय ना?” आणि ती आतून म्हणायची, “हाय.” तिच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. मूर्ती हातात असली की बाबांना आत यावंच लागेल.

भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे दिवस होते, बोटी किनाऱ्याला होत्या. संध्याकाळी आळीतली माणसं मेणबत्त्या घेऊन आमच्या दारात जमली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने मला हळूच सांगितलं, “बाबा सकालपासून पाठ करतायत.” तेव्हा मला आशा वाटली. बाबांनी मूर्ती उचलली, आम्ही गाणं म्हणत निघालो आणि लगेच पोचलो, कारण काकांचं दार आमच्या दारापासून हाकेच्या नाही, कुजबुजीच्या अंतरावर आहे.

बाबा खाकरले. “आम्ही लांबून आलो आहोत,” ते म्हणाले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. “रात्रीपुरता आसरा द्या.”

आतून काकांचा आवाज आला. काकांना हळू बोलता येत नाही. वाऱ्यावर, इंजिनाच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा गळाच तसा झालाय. “जागा न्हाय! फुडं जा!”

पावसाळ्यानंतर त्यांनी बाबांना थेट उद्देशून म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं.

बाबांनी मूर्ती छातीशी घट्ट धरली. मग मूर्तीसकट मागे वळले. “चला,” म्हणाले.

“बाबा,” मी म्हणालो, “अजून दोनदा विचारायचं हाय.”

“ऐकला न्हाय का? न्हाय म्हनला तो.”

“ते लिहिलंय तसं! सगळेच म्हणतात. तुम्ही स्वतः काल म्हणालात!”

“मी म्हनलो ते येगला. त्याचा आवाज ऐकलास ना? तो लिहिलेला न्हाय बोलला. तो मनापासना बोलला.”

आणि ते सरळ घरी आले, मूर्ती परत टेबलावर ठेवली आणि शर्ट काढून खुंटीला लावला. आळीतली माणसं मेणबत्त्या धरून रस्त्यात उभी. तेवढ्यात काकांचं दार उघडलं. आतून काका, हातात झेरॉक्स. ते दुसऱ्यांदा नाही म्हणायची वाट पाहत दारामागे उभे होते.

“कुटं गेले?” त्यांनी मला विचारलं.

“घरी.”

“घरी? कशाला?”

“तुम्ही जागा नाही म्हणालात म्हणून.”

काकांनी तो कागद माझ्या नाकासमोर धरला. “मग हितं काय लिवलाय? वाच! तू कॉलेजात जातंस ना? वाच मोठ्यानं! मी लिवलाय तेच बोललो!” आणि मग आमच्या भिंतीकडे तोंड करून, भिंतीला ऐकू जाईल असं, “आथां मी बोलवायला येनार न्हाय! इचारायचं त्याचं काम हाय, फादरनं तसा लिवलाय!”

त्यांच्या मागे, आतल्या खोलीत, आजीच्या खाटेशेजारी काकूने स्टूल मांडून त्यावर पांढरं कापड घातलेलं मला दिसलं. त्यावर दोन मेणबत्त्या. मधे मोकळी जागा. आजी उशीला टेकून बसली होती. तिने लुगडं नवं नेसलं होतं. तिने नुसतं माझ्या हातांकडे पाहिलं.

त्या संध्याकाळपासून मरिया-योसेफ आमच्याकडे अडकले. आमच्या घरात टेबल एकच, माझं अभ्यासाचं. त्यावर आता गाढव. अकाउंट्सची परीक्षा तोंडावर आलेली. मी गाढवाच्या पायांमधून वही सरकवून बॅलन्स शीट मांडायचो आणि ती जुळायची नाही. रोज संध्याकाळी मूर्ती जिथे असेल तिथे रोझरी, म्हणून आळी रोज आमच्याकडे. आई रोज सगळ्यांना चहा करायची. आधी हसतमुखाने, मग नुसती, मग भांडी आपटत. “भावाभावांचं भांडान तुमचं,” ती बाबांना म्हणाली, “आनि च्याला दूध पुरवतंय मी.”

पण रोझरी सुरू झाली की एक गोष्ट व्हायची. आमच्या म्हणण्यामागोमाग भिंतीपलीकडून आजीचा आवाज यायचा. आम्ही ‘नमो मरिया’ म्हणून अर्ध्यात आलो की पलीकडून ती ‘नमो मरिया’ सुरू करायची. कायम आमच्या एक पाऊल मागे. सगळे गप्प होऊन तिचं संपायची वाट पाहायचे. मग पुढचं. ती मूर्ती त्याच भिंतीला टेकलेल्या टेबलावर होती. मधे एक वीत विटा असतील. बाबा त्या वेळी खाली जमिनीकडे बघत बसायचे.

मी काय काय केलं नाही! आधी म्हणालो, मूर्ती मी नेतो. बाबा म्हणाले, घरातला कर्ता मी की तू? मग काकूशी बोललो. आमच्या दोन्ही घरांची मागची दारं एकाच पडवीत उघडतात. तिथे आई आणि काकू शेजारी बसून मासळी साफ करतात आणि दोघींचं बोलणं कधीच बंद झालेलं नव्हतं. ठरलं असं की बाबा जेट्टीवर गेले की मूर्ती मागच्या दाराने न्यायची आणि सकाळी परत आणायची. काकूने आजीला सांगितलं. आजी म्हणाली, “मागल्या दारानं मासली येते. मरिया फुडल्या दारानं येल.” आणि तोंड फिरवून झोपली.

मी फादरांना मिस्ड कॉल दिला. तेव्हा माझ्या फोनमध्ये बॅलन्स क्वचितच असायचा. फादर मोटरसायकलवरून आले. आमच्याकडे चहा प्यायले, बाबांशी क्षमेबद्दल बोलले. बाबा प्रत्येक वाक्याला “व्हय फादर” म्हणाले. मग फादर काकांकडे गेले आणि काकाही “व्हय फादर” म्हणाले. फादर खूश होऊन बाहेर आले. “बघ, किती साधी माणसं आहेत,” मला म्हणाले. दोन दिवस काही झालं नाही, तेव्हा ते पुन्हा आले. आता त्यांचा चेहरा जरा उतरला होता. “अरे, मग मीच नेतो उचलून,” ते म्हणाले आणि मूर्तीला हात घातला. तेवढ्यात पलीकडून भिंतीवर काठी वाजली. आजी सगळं ऐकत होती. “फादरला सांग, उपकार झाले,” तिचा आवाज आला. “पन मना माजा पोर पायजे.”

फादरांनी हात काढून घेतला. “तो संवाद लिहिला नसता तर बरं झालं असतं,” बाहेर आल्यावर ते मला हळूच म्हणाले. “असो. चोवीस तारखेला दुपारनंतर मूर्ती चर्चमध्ये पोचली पाहिजे. तिच्याशिवाय गोठा अर्धा आहे. कसंही कर.”

कसंही कर. हे मला त्या महिन्यात सगळ्यांनी सांगितलं. काकांच्या पुढची सगळी घरं खोळंबली होती. मी बसस्टॉपवर उभा राहिलो की तिथल्या बायका टोपल्या खाली ठेवून माझ्याकडे वळायच्या. “आमच्याकडे यंदा येते का नाय मरिया? फुगे तलायला पीठ भिजवून ठेवू का नको?” एकीने तर सगळ्या बससमोर विचारलं, “कॉलेजात जातंस आनि एक भिंत ओलांडता येत नाय तुला?” माझ्या वर्गातल्या शांती नगरच्या मित्राला मी हे सगळं सांगितलं. त्याला वाटायचं, आमच्यात नाताळ म्हणजे केक आणि नाच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आमच्याकडे गणपतीत असंच चालतं, यार.” तेवढाच काय तो दिलासा.

चोवीस तारीख आली. काकांच्या पुढच्या घरांनी आशा सोडली होती. दुपारी आळीतली माणसं जमली, मूर्ती चर्चला न्यायची म्हणून. आमच्या दारातून चर्चकडे जायची वाट काकांच्या दारावरूनच जाते. दुसरी वाट समुद्राच्या बाजूने, वाळूतून वळसा घालून. बाबांनी मूर्ती खांद्याशी धरली आणि म्हणाले, “दर्याकडून जाऊ.”

मला रडू यायचं बाकी होतं. आजीच्या दारावरून मूर्ती नेली तर निदान दारातून तिला दिसली असती. आता तेवढंही नाही. मी मागून चालायला लागलो. आळी मागून. आम्ही बोंबील वाळत घातलेल्या बांबूंमधून किनाऱ्यावर पोचलो आणि पाहतो तर भरतीचं पाणी वर पायवाटेपर्यंत आलेलं. जायला वाटच नाही.

“भरती हाय,” बाबा म्हणाले आणि परत वळले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. चिडलेल्या माणसाला काही दिसत नाही. सबंध आयुष्य भरती-ओहोटीच्या वेळांवर उठलेला माणूस त्या दिवशी भरती कधी आहे ते विसरला होता, हे मला कितीतरी दिवसांनी खटकलं.

परत आलो. काकांचं दार बंद होतं. बाबा दारासमोर आले आणि थांबले. मूर्ती घेऊन नुसते उभे. माणसं मागे येऊन थांबली. मी जवळ जाऊन पुटपुटलो, “बाबा, हिचे दिवस भरत आलेत.” बाबांनी ओठ हलवले, पण आवाज काही निघाला नाही.

आतून आजी बोलली. बहुतेक ती दाराला लागूनच बसली होती. “ए, तोंड हाय का न्हाय तुला?” हे काकांना होतं.

मग काकांचा आवाज आला, तोच, बोटीवरचा. “सांगितलं ना, जागा न्हाय!”

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. आता बाबा पुन्हा वळणार. मागे एक बाई “अरे देवा” म्हणाली.

बाबा वळले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हा दुसरा ना?” त्यांनी विचारलं.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. बाबांनी पहिल्यांदा विचारलं होतं, काकांनी नाही म्हटलं होतं, आणि खेळ तिथेच अडकला होता. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही, तरी काकांनी आपलं दुसरं नाही म्हणून टाकलं होतं. आता राहिलं होतं फक्त तिसऱ्यांदा विचारायचं. आणि तिसऱ्यानंतर काय येतं ते सगळ्या आळीला पाठ होतं.

“हो,” मी म्हणालो. “दुसरा झाला.”

बाबांनी मूर्ती सावरली. “ही मरिया आहे,” ते म्हणाले आणि अडले. पुढचं वाक्य त्यांना आठवेना. मी कागद शोधायला खिसे चाचपायला लागलो आणि अर्थातच तो सापडेना. बाबांनी माझी वाट पाहिली नाही. “आय आत हाय ना?” ते दाराला म्हणाले. “तिला दावायची हाय.”

दार उघडलं. काका समोर. त्यांनी ‘या, घर तुमचंच आहे’ म्हणायचं होतं. ते म्हणाले, “चपला काढ. आयनं सकालपासना दोनदा लादी पुसून घेतली माज्याकडनं.”

बाबांनी चपला काढल्या आणि आत गेले.

आजी खुर्चीत होती, तेच नवं लुगडं नेसून. तिने बाबांकडे पाहिलं नाही, आधी मूर्तीकडे पाहिलं. मरियेच्या पायाला हात लावला, तो हात कपाळाला लावला. मग योसेफाकडे बारकाईने बघत म्हणाली, “ह्याच्या कंदिलाचा टवका उडालाय. कोनी उडवला?” बाबा म्हणाले, “पोरानं. अभ्यास करताना.” मी तिथेच उभा होतो. तो टवका मूर्ती चर्चमधून आली तेव्हापासून उडालेला होता, पण त्या वेळी तो वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी हळूच म्हणालो, “आजी, थोडा वेळ ठेव. मग चर्चला न्यायची आहे.”

“का म्हनून? प्रत्येकाकडे एक रात ना?”

“पण आज रात्री मोठी मिस्सा. गोठ्यात—”

“मग मना अर्धी रात का?”

मी काकांकडे पाहिलं. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा खलाशाला सांगावं तसं मला म्हणाले, “फादरला जाऊन सांग.” आणि त्याच दमात काकाही म्हणाले, “व्हय, फादरला सांग.” एवढ्या बाबतीत तरी दोघांचं एकमत झालं, आणि त्यासाठी टेकाड चढायचं मीच.

फादर गोठ्यासमोर गवत पसरत होते. मी सांगितल्यावर ते तसेच खाली बसले, गवतावरच. आधी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला आणि मग त्यांना गोठा आठवला. “मग मी गव्हाणीशेजारी काय ठेवू?”

“गाई आहेत,” मी म्हणालो. “मेंढपाळ आहेत.”

त्या वर्षी नाताळच्या मोठ्या मिस्सेला आमच्या चर्चच्या गोठ्यात येशूबाळ एकटाच होता, गाईंच्या भरवशावर. लोक वाकून बघत होते आणि कोपराने एकमेकांना ढोसत होते. फादर वेदीवरून म्हणाले, “यंदा बाळ आधी पोचलंय. आईबाप वाटेत एका घरी थांबलेत, तिथे त्यांची जास्त गरज होती.” आमची आळी मान ताठ करून बसली होती, जणू हे सगळं तिनेच ठरवून केलं.

सकाळच्या मिस्सेआधी मी मूर्ती न्यायला काकांकडे गेलो. आजी जागी होती, मेणबत्त्या विझून मेण कापडावर सांडलं होतं. “आजी, झोप लागली का बरी?” मी विचारलं.

“कुटली झोप,” ती म्हणाली. “दोगं हितंच खाली आडवे झाले आनि रातभर घोरले. एक थांबला की दुसरा. मरियेला तरी लागली असेल का झोप, देव जाने.” असं म्हणताना तिने मूर्तीखालचं कापड सारखं केलं आणि मग मला म्हणाली, “ने आथां. पन माज्या धाकट्याला न्यायला लाव. त्याची पाली हाय.”

म्हणून मूर्ती काकांनी उचलली. बाबा मागून, मी त्यांच्या मागून. वाटेत दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. पायऱ्या चढताना काका मला म्हणाले, “त्यांना सांग, उद्या पहाटे भरतीच्या आदी निगायचं.” बाबा दोन पायऱ्यांवर होते. मी मुद्दामच गप्प राहिलो. जरा वेळाने बाबा आपणहूनच म्हणाले, “म्हाईत हाय मना.” कुणाला म्हणाले ते मी विचारलं नाही.

चर्चच्या दारात फादर झगा सावरत उभे होते. आत घंटा वाजायला आली होती, गायनमंडळ उभं राहिलं होतं. काका उंबऱ्याबाहेर थांबले आणि आपल्या त्या गळ्याने म्हणाले, “आम्ही लांबून आलो आहोत! रात्रीपुरता आसरा द्या!”

“या, या,” फादर घाईघाईने म्हणाले, “चला, आत घ्या, उशीर होतोय.”

काका जागचे हलले नाहीत.

“फादर,” ते म्हणाले, “आदी न्हाय म्हना.”

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मागे पायऱ्यांवर माणसं खोळंबली होती, आत घंटा वाजायला लागली होती. फादरांनी डोळे मिटून एक श्वास घेतला आणि म्हणाले, “इथे जागा नाही. पुढे जा.”

“हां,” काका म्हणाले. “आथां कसां.” आणि मूर्ती दुसऱ्या खांद्यावर घेऊन, घाई न करता, ते दुसऱ्यांदा विचारायला खाकरले.